देठ ठेवणारा किडा

गेली तेवीस वर्षं मी तलासरी तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. किडीचं जीवनचक्र हा माझा हातखंडा विषय. फळ्यावर एक गोल काढतो, चार बाण मारतो आणि अंडं, अळी, कोष, किडा असं सगळं अडतीस मिनिटांत उरकून वर दोन मिनिटं शंकांसाठी ठेवतो. आजवर कोणी शंका विचारलेली नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण या श्रावणात आमच्या दारात जे घडलं त्यानंतर आमच्या रानशेत गावातली काही माणसं माझ्या शिक्षणाबद्दल उघड शंका घ्यायला लागली आहेत आणि त्यात आमची निशिगंधा, म्हणजे माझी बायको, सगळ्यात पुढे आहे.

आमच्या अंगणात फळझाड एकच, आंबा. इकडे लोकांच्या चिकूच्या वाड्याच्या वाड्या असतात, त्यामुळे एका आंब्याचं कौतुक सांगणारा माणूस मी एकटाच. पण तो साधा आंबा नाही. माझे सासरे अमृतअप्पा वाढवणला राहतात. त्यांच्या विहिरीवर एक रायवळ आंबा होता. माझ्या सासूबाईंनी, गोदूबाईंनी, नवी नवरी असताना फेकलेल्या कोयीतून तो उगवला म्हणून सगळा गाव त्याला गोदूबाईचा आंबा म्हणायचा. गोदूबाई गेल्या. मग एका वादळात तो आंबाही आडवा झाला. त्याचं एकच कलम जगात शिल्लक होतं, ते आमच्या दारात. अप्पांनी बारा वर्षांपूर्वी ते स्वतः बांधून मला दिलं होतं. देताना लेकीला म्हणाले होते, ''मास्तरांना फळ्यावरचं झाड कळतं. हे जमिनीवरचं आहे. तू लक्ष ठेव.'' मी समोरच उभा होतो. पण अप्पा मला जे सांगायचं ते नेहमी निशिगंधाला सांगतात. जावयाशी थेट बोलणं त्यांना अजून जमलेलं नाही.

आता अप्पा एक्याऐंशीचे झाले. हात थरथरायला लागले. त्यांनी ठरवलं की या श्रावणात आमच्या झाडाच्या काड्या घेऊन नवी कलमं बांधायची, नातवंडांना एकेक द्यायचं आणि एक विहिरीवर, त्याच जागी लावायचं. ''पुढच्या वर्षी हात चालतील की नाही, कोण जाणे,'' असं ते म्हणाले. नेमकी तेव्हाच निशिगंधाच्या बहिणीची शस्त्रक्रिया ठरली आणि ती पंधरा दिवस उंबरगावला निघाली. जाताना दारात उभी राहून म्हणाली, ''अहो, दूध उतू गेलं तरी चालेल, गॅस बंद करायला विसरू नका. आणि झाडाला काही होऊ देऊ नका. अप्पा येणार आहेत.''

मी म्हटलं, ''अगं, विज्ञानाचा शिक्षक आहे मी.''

ती नुसती झाडाकडे बघून रिक्षात बसली.

सोमवारी दुपारी शाळेतून आलो तर झाडाखाली हिरव्यागार पानांचा सडा. एक पान उचललं. देठाच्या वर सरळ कापलेलं, अगदी कातरीने कापल्यासारखं. वर बघितलं तर चार-पाच फांद्यांचे शेंडे बोडके, आणि त्यांवर नुसते देठ उभे. मी घाबरलो. पण भीतीपेक्षा मला आनंद जास्त झाला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच कीड स्वतःच्या पायाने माझ्या दारात आली होती.

पुस्तक काढलं. सगळं एकाच पानावर होतं: 'आंब्याची पाने कातरणारा भुंगा. मादी पानावर अंडी घालून पान देठाजवळ सरळ कातरते. पाने कातरीने कापल्यासारखी दिसतात. झाडाखाली पानांचा सडा पडतो.' मी पुस्तक मिटलं. निदान पक्कं! एक बारीकशी अडचण होती. पुस्तकात लिहिलं होतं की हा भुंगा फक्त कोवळी, तांबूस पानं कातरतो, आणि आमच्याकडची पानं चांगली जून, करकरीत होती. यावर मी थोडा विचार केला आणि या निष्कर्षाला आलो की आमच्याकडचा भुंगा दाताने मजबूत असावा. कदाचित नवी जातच असेल. नव्या जातीला शोधणाऱ्याचं नाव देतात, हे मला ठाऊक होतं.

या विचारात असतानाच निशिगंधाचा फोन आला. ती बराच वेळ अप्पांचं काहीतरी सांगत होती. माझ्या एका हातात भिंग होतं, दुसऱ्या हातात पान होतं आणि फोन खांद्यावर होता. मी ''हो, हो, बरोबर'' म्हणत राहिलो. संसारात हे दोन शब्द पुरतात असा माझा अनुभव होता.

संध्याकाळी रखमी आली. रखमी पलीकडच्या पाड्यावर राहते, पहाटे कामाला जाते आणि परतताना आमच्या ओट्यावर घटकाभर टेकते. तिने एक पान उचलून उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, ''मास्तर, ह्यो किडा नाय.''

''मग काय आहे?''

''किडा काय देठ मोजून ठेवतो? ह्यो माणसाचा काम हाय.''

मी तिला समजावून सांगितलं. भुंग्याची सोंड, अंडी, पानातली अळी, सगळं. जमिनीवर काडीने गोलही काढला, चार बाणही मारले. रखमीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग बाणांवरून पाय टाकून घरी गेली.

मंगळवारी आणखी पाच शेंडे बोडके. बुधवारी आणखी पाच. रोज पाच! किडीचा एवढा हिशेबीपणा बघून तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मी वहीत 'किडीचा वेग स्थिर आहे' अशी नोंद करून तिच्याखाली दोन रेघा मारल्या.

शेजारी दिपक राहतो. त्याचं चारोटीला खता-औषधांचं दुकान आहे, त्यामुळे रानशेतमध्ये कोणाच्याही झाडाला खोकला आला तरी आधी दिपकला कळतं. तो कुंपणावरूनच म्हणाला, ''सर, टेन्शन नाय लेवाचं. एकदम जालीम औषध देतो. तीन दिवसांत किडा साफ.''

मी म्हटलं, ''जालीम नको. अप्पांना घातक औषधं चालत नाहीत. काहीतरी नैसर्गिक सांग.''

दिपकचा चेहरा उतरला, पण शेजारधर्म म्हणून त्याने लसूण-मिरचीच्या काढ्याची कृती सांगितली. शिवाय खोडाला ग्रीसचा पट्टा ओढायला सांगितला. किडा खालून चढत असेल तर चिकटेल म्हणे. किडा चिकटला नाही, मी चिकटलो. वर बघता बघता गुरुवारी सकाळी मी खोडाला टेकलो आणि पाठीवर हातभर रुंद काळा पट्टा घेऊन थेट तलासरीला गेलो. पहिल्या तीन तासिका मुलं फारच लक्ष देऊन ऐकतायत असं मला वाटत होतं. फळ्याकडे तोंड केलं की वर्गात एवढी शांतता पूर्वी कधी नव्हती. चौथ्या तासिकेला मुख्याध्यापिका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

काढा मात्र मी मन लावून केला. अर्धा किलो तिखट मिरची, पाव किलो लसूण, साबणाचं पाणी. उकळायला घरात मोठं पातेलं एकच, निशिगंधाचं दुधाचं. शुक्रवारी दुपारी दिपकचा पाठीवरचा पंप घेऊन शिडीवर चढलो आणि दांडा मारायला सुरुवात केली. किडीच्या जीवनचक्राचा माझा अभ्यास दांडगा आहे, पण वाऱ्याची दिशा हा भूगोलाचा विषय पडतो. समुद्राकडून वारा आला आणि माझा सगळा काढा कुंपण ओलांडून दिपकच्या ओटीवर गेला. तिथे त्याच्या बहिणीला, योगिताला, बघायला पाहुणे आले होते.

आधी मुलाचे वडील शिंकले. मग मुलाची आई. मग खुद्द मुलगा डोळे चोळत अंगणात धावत आला आणि ''पाणी, पाणी!'' म्हणून ओरडायला लागला. योगिता तांब्या घेऊन धावली. मी शिडीवर पंपासह उभा. खाली उतरावं तर तोंड दाखवायची सोय नाही, वर राहावं तर डोळे झोंबतायत. दिपक खालून ओरडत होता, ''सर, बंद करो! अरे, बंद करो ने!'' आणि घाईत मी दांडा उलट्या बाजूला दाबला तो आणखी एक फवारा गेला.

या प्रकरणानंतर दिपक माझ्याशी पाच दिवस बोलला नाही. मला फार वाईट वाटलं. माझ्यामुळे एका मुलीचं लग्न मोडतंय की काय, या विचाराने रात्री जेवणही गेलं नाही. दुधाच्या पातेल्यात केलेला चहा प्यायल्यावर तर डोळ्यांतून खरंच पाणी आलं.

पण शनिवारी चमत्कार झाला. झाडाखाली एकही पान नाही! रविवारी नाही, सोमवारी नाही. माझ्या काढ्याने कीड आटोक्यात आली होती. शाळेत मी परिपाठाच्या वेळी 'लसूण, मिरची आणि विज्ञान' या विषयावर दहा मिनिटं बोललो. पाठीवर पट्टा नव्हता, तरी मुलं माझ्या पाठीकडेच बघत होती.

आता उरली दोन कामं. एक, ही नवी जात सरकारदरबारी नोंदवणं. दुसरं, बोडक्या शेंड्यांचा बंदोबस्त. सोमवारी जवळून बघितलं तर प्रत्येक बोडक्या शेंड्यावरचा डोळा, म्हणजे कोंब, चांगला टम्म सुजलेला. मी ओळखलं, आत अळी आहे. पुस्तकात स्पष्ट होतं, 'कीडग्रस्त शेंडे छाटून नष्ट करावेत.' अप्पांच्या काड्यांची काळजी मला नव्हती. काडी म्हणजे अंगठ्याएवढी जाड फांदी, अशी माझी समजूत होती आणि तशा फांद्या झाडाला भरपूर होत्या. मी दिपकच्या बायकोकडून कातर मागून आणली आणि पंचवीसच्या पंचवीस शेंडे छाटले.

जाळायला आगकाडी ओढली आणि थांबलो. नमुना! नमुन्याशिवाय नवी जात कशी सिद्ध होणार? चारोटीला फळझाड सल्ला कक्ष नावाची एक कचेरी आहे. तिथे फोन केला. पलीकडून संगिता मॅडम म्हणाल्या, ''किमान वीस कीडग्रस्त शेंडे आणा. ओल्या फडक्यात गुंडाळून, वर प्लॅस्टिक. सुकलेले नमुने स्वीकारले जात नाहीत.''

मी निशिगंधाच्या जुन्या सुती साडीचा पदर फाडून ओला केला, पंचवीस शेंडे निगुतीने गुंडाळले, वर पिशवी बांधली आणि मंगळवारी अर्धी रजा टाकून चारोटी गाठली.

संगिता मॅडम स्वभावाने चांगल्या. पण त्यांच्यापुढे तीन कागद होते आणि माझं झाड त्यातल्या एकातही बसत नव्हतं.

''सातबारा?''

''मॅडम, झाड अंगणात आहे. घराचा उतारा आहे.''

''मग बाग किती एकर?''

''एक झाड.''

''एकर सांगा.''

''सावली धरली तर एक गुंठा असेल.''

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ''सर, एका झाडाला बाग म्हणता येत नाही. कीड बागेवर पडते. तुमच्या झाडावर पडली ती नियमात बसत नाही.'' मग माझ्याकडे बघून त्यांना दया आली असावी. ''अर्ज ठेवून जा, वर पाठवते. नमुना मात्र घेऊन जा. आमच्याकडचा फ्रिज बिघडलाय.'' असं म्हणून त्यांनी पिशवीवर 'परत' असा शिक्का मारला. माझ्या पिशवीवर! आयुष्यात परीक्षेतसुद्धा मला कोणी परत पाठवलं नव्हतं. घरी येऊन मी ती पिशवी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात भाजीमागे कोंबली. अपमान डोळ्यांसमोर नको.

गुरुवारी सकाळी दारात टेम्पो थांबला. पुढून निशिगंधा उतरली, तिच्या हाताला धरून अप्पा उतरले आणि मागून काकड्या. काकड्या म्हणजे अप्पांच्या वाडीवरचा जुना गडी, राहायला आमच्याच रानशेतला. त्याने एकेक करून पंचवीस पिशव्या उतरवल्या. प्रत्येकीत कोयीतून आलेलं तांबूस पानांचं रोप. मी नवा सदरा घालून उभा होतो. मनात भाषण तयार होतं: झाडावर कसं संकट आलं आणि मी ते एकट्याने कसं परतवलं.

अप्पांनी मान वर केली. झाडाभोवती एक चक्कर मारली, मग दुसरी. दुसऱ्या चकरेला त्यांनी खोडाचा आधार घेतला. ग्रीसचा पट्टा तसाच होता, पण त्यांच्या लक्षात आलं नाही.

काकड्या म्हणाला, ''मास्तर, काड्या कुठं हायत?''

''या काय एवढ्या फांद्या आहेत,'' मी म्हणालो.

''त्या नाय. मी रोज पाच-पाच पानं काढून तयार केलेल्या. देठ ठेवून. डोळा फुगला म्हणजे कलम बसतो. अप्पांनी सांगलेलं, सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊला येवाचा, पाच करावाच्या. तुमी शाळेत असलां नं.''

मी भुंग्याकडे बघत होतो. साठीचा, चार पोरांचा बाप, कमरेला झाडं छाटायची कातर लटकवलेला भुंगा.

निशिगंधा म्हणाली, ''मी फोनवर सांगितलं होतं तुम्हाला. पहिल्याच दिवशी. की काकड्या रोज येऊन पानं काढेल, तुम्ही हात लावू नका. तुम्ही 'हो, हो, बरोबर' म्हणालात.'' तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

''मग कुठं गेल्या काड्या?'' हे अप्पांनी विचारलं, आणि लग्नाच्या अठरा वर्षांत पहिल्यांदाच थेट मला विचारलं.

''अप्पा, मी... छाटल्या. कीड समजून.''

अप्पा ओट्यावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, ''बरं.'' मग लेकीला म्हणाले, ''आता नव्या काड्या तयार करायच्या तर दहा दिवस. तोवर ही रोपं जून होतील. म्हणजे पुढच्या वर्षी बघायचं.'' आणि ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. हात गुडघ्यावर ठेवलेले असूनही टोपी हलत होती.

आजवर मी या माणसाला घाबरलो, मनातल्या मनात त्याच्याशी भांडलो, त्याच्या त्या फळ्यावरच्या झाडाच्या वाक्याला अठरा उत्तरं तयार केली. आणि आता ते वाक्य खरं करून दाखवलं होतं ते मीच. रखमी नेमकी त्या दिवशी कामाला गेली नव्हती. ती कुंपणापाशी उभी होती, पण एक शब्द बोलली नाही. तिचे उपकार आहेत.

निशिगंधा पाणी आणायला आत गेली. आतून तिचा आवाज आला, ''अहो, माझ्या पदराचं हे काय बोचकं करून ठेवलंय फ्रिजमध्ये? आणि यावर शिक्का कसला?''

मी आत कसा पोचलो मला आठवत नाही. पिशवी घेऊन बाहेर आलो आणि अप्पांच्या पायाशी बसून गाठ सोडली. गाठ सुटेना. दाताने सोडली. प्लॅस्टिक, मग ओला पदर, मग पंचवीसच्या पंचवीस काड्या, हिरव्यागार, देठ गळून पडलेले, डोळे टम्म.

अप्पांनी एक काडी उचलून नाकाशी नेली. नखाने साल जराशी खरवडली, आत ओलं हिरवं होतं. काकड्या म्हणाला, ''ताजी हाय, अप्पा!''

''ओलं फडकं, वर प्लॅस्टिक, गारव्यात ठेवलेल्या,'' अप्पा सावकाश म्हणाले. ''काड्या लांब न्यायच्या असल्या तर आम्ही अशाच बांधतो. कोणी सांगितलं असं बांधायला?''

''सरकारी नियम आहे,'' मी म्हणालो. आणि मनातल्या मनात संगिता मॅडमना, त्यांच्या बिघडलेल्या फ्रिजला, सातबाऱ्याला आणि त्या 'परत'च्या शिक्क्याला हात जोडले. नमुना स्वीकारला असता तर गोदूबाईचा आंबा वरच्या कचेरीत वाळून गेला असता.

अप्पांनी चाकू काढला. पहिल्या रोपाचा शेंडा उडवला, मधोमध चीर दिली आणि काडीला पाचरीसारखा काप द्यायला गेले तेव्हा हात थरथरला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा थरथरला. मग त्यांनी चाकू माझ्यापुढे धरला.

''जावईबापू, तुम्ही कापा. मी सांगतो.''

''अप्पा, काकड्याला...''

''काकड्याचा हात मोठ्या झाडांवरचा. हे नाजूक काम आहे. तुम्ही कापा. रोज खडू धरता ना? तसाच धरायचा.''

मी पंचवीस काड्या कापल्या. तीन वेळा बोट कापलं, त्याचा उल्लेख कोणी केला नाही. अप्पा माझ्या मनगटाखाली आपला हात धरून बसले होते. काडी चिरेत बसली की निशिगंधा पट्टी गुंडाळायची. दिपकही कुंपणावरून आला आणि पिशव्या सावलीत नेऊन ठेवायला लागला. पाच दिवसांनी पहिल्यांदाच बोलला तो एवढंच म्हणाला, ''सर, योगिताचं पक्कं झालं. मुलगा म्हणे, एवढ्या गडबडीत पाणी घेऊन जी धावली तीच पाहिजे.'' मी त्याला मिठी मारली. त्याने आधी माझी पाठ तपासली.

पंचवीसपैकी एकवीस कलमं फुटली. अप्पा महिनाभर आमच्याकडेच राहिले, सकाळ-संध्याकाळ कलमांना पाणी घालत. आता ते माझ्याशी थेट बोलतात. कधीकधी इतके बोलतात की मला 'हो, हो, बरोबर' म्हणायचा मोह होतो, पण मी शपथ घेतली आहे.

गेल्या आठवड्यात ते सगळी कलमं घेऊन वाढवणला निघायच्या तयारीत झोपाळ्यावर बसले होते, तेवढ्यात पोस्टमन पत्र देऊन गेला. फळझाड सल्ला कक्षाचं. मी मोठ्याने वाचलं: 'आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, आपण वर्णन केलेली, जून पाने कातरून देठ शिल्लक ठेवणारी कीड या कार्यालयाच्या नोंदीत आढळून येत नाही. तरी खात्री करण्याकामी सदर किडीचा एक जिवंत नमुना घेऊन समक्ष हजर राहावे.'

निशिगंधा पदर तोंडाला लावून आत पळाली. अप्पांनी पत्र माझ्याकडून घेतलं, शिक्का नीट बघितला आणि घडी करून खिशात ठेवलं. मग झोपाळा थांबवून टोपी डोक्यावर चढवली.

''काकड्याला हाक मारा,'' ते म्हणाले. ''वाटेत चारोटीला उतरू, दोघेही हजर होतो. फक्त मॅडमना आधी विचारून घ्या, जावईबापू. फवारणार असल्या तर आम्ही येत नाही.''